पिळाची अंगठी

जेवणाच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबे उघडले की तांडेल मॅडमना नेमकी कुणाच्या तरी पोटाची आठवण व्हायची. "देसाई सर, तुम्ही हल्ली सारखे उठून जाता. पोट साफ होतं ना? रक्त पडतं का?" हे सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात, आणि देसाई सरांच्या हातात तेव्हा मटकीच्या उसळीचा घास. सर फिजिक्सचे, घरंदाज माणूस. त्यांचे कान लाल व्हायचे. कोणी खोकायचं, कोणी खिडकीबाहेर बघायचं. मॅडम मात्र उत्तर मिळेपर्यंत नजर हलवायच्या नाहीत. "लाजता कसले? गुडघा दुखतो ते तासभर सांगता. मग आतड्याने काय पाप केलंय?"

विरारच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवत आणि मी मराठी. नव्वद सालानंतर आम्ही नोकरदार माणसं थव्याने इकडे येत होतो. मी आचोळ्याला फ्लॅट घेतला होता, ज्याच्या नळाला पाणी सोडून सगळं येत असे. हिरा तांडेल मात्र इथल्याच, अर्नाळ्याच्या. बापाची होडी, आई मासळी विकणारी, आणि ही त्यांची पोर एम.एस्सी. करून आलेली. स्टाफरूममध्ये त्यांची पाठ वळली की कोणीतरी हमखास हसून म्हणायचं, "शेवटी कोळीण ती कोळीणच, आवाज बाजारातला." हे म्हणणारी माणसं शिकलेली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना घरी बायकोसमोर 'शौचाला' हा शब्दही उच्चारता येत नव्हता. मला त्या हसण्याचा तेव्हाही संताप यायचा आणि आज लिहितानाही येतो आहे.

मॅडम वर्गात जाताना खडू-डस्टरबरोबर पिशवीतून एक दोर नेत. होडीचा, हातभर लांबीचा, खाऱ्या पाण्याने पांढरा पडलेला. त्याच्या एका टोकाला बारीक सुतळी घट्ट गुंडाळून बांधलेली होती, कारण नुसता कापलेला दोर वापरला की टोकाशी पीळ सुटतो आणि तो उसवत जातो. अर्नाळ्यात प्रत्येक दोराचं टोक असं बांधतात. पेशी शिकवताना मॅडम तो दोर टेबलावर आपटत.

"हे गुणसूत्र. आणि ही सुतळी बांधलीय ना, याला म्हणतात टेलोमेअर. एका पेशीच्या दोन झाल्या की ही सुतळी थोडी झिजते. पुन्हा झाल्या, पुन्हा झिजते. संपली की शहाणी पेशी काय करते? थांबते. म्हणते, बास, आता मी वाढणार नाही. आणि एखादी नालायक पेशी थांबतच नाही. तिचा दोर उसवतो, तुटतो, भलत्याच दोराला जाऊन चिकटतो, तरी ती वाढते. वर चोरून नवी सुतळी गुंडाळून घ्यायला शिकते. मग तिला मरण नाही. आणि तिला मरण नाही म्हणजे कोणाला आहे?"

मग दोर उचलून त्या पुढे सुरू व्हायच्या.

"आता सांगा, शरीरात सारखं नवं अस्तर कुठे लागतं? आतड्यात. चार-सहा दिवस झाले की जुनं गेलं, नवं आलं. म्हणजे सुतळी झिजायला तिथे किती वाव आहे बघा."

प्राचार्यांनी एकदा त्यांना बोलावून घेतलं. अभ्यासक्रमात हे एवढं नाही, पालकांची तक्रार आहे, मुली घरी जाऊन आतडी-बितडी बोलतात. मॅडम म्हणाल्या, "मग घरच्यांना सांगा, मुलींची आतडी घरी ठेवून घ्या आणि मग त्यांना कॉलेजला पाठवा." प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं नाही.

हा राग आला कुठून, ते मला पुढे कळलं. बाप गेला तेव्हा मॅडम एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होत्या. म्हाताऱ्याला रक्त पडत होतं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्याच्या बोटात फक्त एक अंगठी आली होती. जत्रेत मिळते ती, तीन धातूंच्या तारा पिळून केलेली, मूळव्याधीवर रामबाण म्हणून. अर्नाळ्यात ती अंगठी घालायची आणि त्याबद्दल बोलायचं नाही, अशी रीत. बघणाऱ्याला कळतं, घालणाऱ्याला कळतं की बघणाऱ्याला कळलंय, आणि दोघंही सुरमईच्या भावाबद्दल बोलतात. चुलत्याच्याही बोटात तीच होती. अंगठीने गुण आला नाही म्हणून म्हातारा स्टेशनाजवळच्या एका पाटीवाल्या डॉक्टरकडे गेला. 'मूळव्याध, भगंदर, विनाऑपरेशन.' त्या माणसाने त्याला कधी तपासणी-टेबलावर झोपवलंसुद्धा नाही. पुड्या दिल्या, वर्षानुवर्षं दिल्या. शेवटी पोट फुगलं तेव्हा मुंबईला नेलं आणि तिथे कळलं की ती मूळव्याध कधी नव्हतीच. आतड्याचा कॅन्सर होता, आणि तो आता आतड्यापुरता उरला नव्हता.

"सर, हा रोग घाईत नसतो हो," त्या एकदा मला म्हणाल्या. "आधी एक कोंब येतो आतून, एवढासा. पॉलिप. त्याचा कॅन्सर व्हायला कितीतरी वर्षं जातात. दुर्बीण घालून बघितलं की दिसतो, दिसला की तिथल्या तिथे कापता येतो. इतकी वर्षं असतात हातात! आणि आमची माणसं ती वर्षं अंगठी घालून काढतात."

त्यांना धाकटा भाऊ एकच, जना. बापाची होडी तोच चालवायचा. दांडगा, हसरा, बहिणीला 'ताय' म्हणणारा. बापामागोमाग चुलताही त्याच रोगाने गेला म्हटल्यावर मॅडम त्याच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. चाळिशी यायच्या आत दुर्बिणीची तपासणी कर. तो कधी नाही म्हणायचा नाही. होळी होऊ दे म्हणायचा. होळी झाली की, होडी किनाऱ्याला लागू दे. होडी लागली की, डागडुजी होऊ दे. जनाचं एवढंच एक काम मॅडमना आयुष्यात करायचं होतं, आणि ते होत नव्हतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर मुंबईच्या एका प्रयोगशाळेतले डॉक्टर अर्नाळ्यात आले. संस्थेचं नाव मी लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. टेलोमेअरची लांबी आणि आतड्याचा कॅन्सर यांचा काही संबंध आहे का, हे त्यांना तपासायचं होतं, आणि ज्या घरांत हा रोग पुन्हा पुन्हा झाला त्या घरांतलं रक्त हवं होतं. मॅडमना कोण आनंद झाला! इतकी वर्षं ज्या दोराबद्दल त्या एकट्या ओरडत होत्या, त्याच्यासाठी मुंबईहून गाडी आली होती. त्यांनी सगळी गल्ली जाळी विणायच्या शेडमध्ये गोळा केली. मलाही बोलावलं.

डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. तो छापील मराठीत बोलत होता आणि मॅडम शेजारी उभ्या राहून तेच अर्नाळ्याच्या बोलीत सांगत होत्या. "या दोराचा टोक बघा. असाच टोक तुमच्या रगतात हाय. कोनाचा आखूड, कोनाचा लांब. ते मोजनार हायेत." माणसं खूष. आपल्या दोराचं मुंबईच्या डॉक्टरला काय ते कौतुक! बाह्या वर झाल्या, रक्त काढलं गेलं, प्रत्येकाला बिस्किटाचा पुडा मिळाला. जना सगळ्यात पुढे होता. शेवटी डॉक्टरने घड्याळात बघत एक वाक्य म्हटलं: "सदर विश्लेषणातून सहभागी व्यक्तीस वैयक्तिक लाभ अपेक्षित नाही." कोणीतरी विचारलं, "म्हंजे काय?" तेवढ्यात बिस्किटं संपली म्हणून मागे गलका झाला, मॅडम तिकडे धावल्या, आणि गाडी निघून गेली.

मी जन्मभर मराठी शिकवली. त्या वाक्यासारखं नीच वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही. त्यात एकही शब्द खोटा नाही, आणि ऐकणाऱ्यातल्या एकालाही तो कळावा अशी बोलणाऱ्याची इच्छा नाही.

दोनेक वर्षं गेली. नारळी पौर्णिमेला मॅडमनी मला घरी जेवायला बोलावलं होतं. नारळीभात खाऊन आम्ही किनाऱ्यावर गेलो. समोर किल्ला, होड्यांना पताका, नवे रंग. जनाने पाण्यात उभं राहून नारळ दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला, आणि मॅडम माझ्या शेजारी बोलता बोलता थांबल्या. मला आधी वाटलं त्यांना भोवळ आली. मग मी त्यांची नजर गेली तिकडे पाहिलं. जनाच्या उजव्या हाताच्या बोटात पिळाची अंगठी होती.

त्यांनी नारळ पाण्यात पडेपर्यंतही वाट पाहिली नाही. कमरेइतक्या पाण्यात, जरीच्या साडीसकट, त्या त्याच्यापर्यंत गेल्या आणि त्याचा हात धरला.

"कवा घातली ही?"

"ताय, लोकं बघतान."

"बघू दे! रगत जाते नं तुझा? कवापासून?"

जना इकडेतिकडे बघून हसायला लागला. मोठी माणसं लाजली की हसतात तसं. "तसा काय नाय. उष्नता हाय. आनि तुझ्या लोकांनी रगत नेला नं माझा? तपासला नं? काय असता तर बोलले नसते काय?"

मॅडमचा हात सुटला. वाजंत्री चालू होती, माणसं त्यांना बाजूला व्हायला सांगत होती. त्या तशाच उभ्या. मला सगळं एकदम कळलं नाही, त्यांना कळलं होतं. रक्त दिल्यापासून जना दुर्बिणीची तपासणी टाळत नव्हता. त्याच्या मते तपासणी कधीच झाली होती. दोन वर्षं तो बेफिकीर होता, कारण मुंबईहून काही निरोप आला नव्हता. गल्लीतला प्रत्येक माणूस तेच समजून बसला होता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं मुंबईला त्या प्रयोगशाळेत गेलो. "मला एक शांत माणूस हवा बरोबर," असं म्हणून त्यांनी मला नेलं. निवड चुकली होती, कारण मी त्यांच्याहून जास्त तापलो होतो. तोच तरुण डॉक्टर भेटला. त्याने खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

"मॅडम, नमुन्यांवर आम्ही नावं लिहीत नाही. आणि लिहिली असती तरी एखाद्याची टोकं आखूड आहेत म्हणून त्याला कॅन्सर होईल की नाही, हे आज कोणीच सांगू शकत नाही. आखूड वाईट की लांब वाईट, यावरच अजून एकमत नाही. हे संशोधन आहे, निदान नाही."

"मला ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. आवाज इतका खाली मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मी हेच शिकवते. तुम्ही उत्तर का दिलं नाही हे विचारायला मी आलेली नाही. तुमच्याकडे उत्तर नाही, हे तुम्ही त्यांना का सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं. सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"कोणाला कळलं?"

"मॅडम, समजावून सांगायला तुम्हीच तर होतात तिथे."

तो हे वाईट हेतूने बोलला नसावा. पण मला त्याचा चहाचा कप उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मॅडम उठल्या. खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "सगळं सांगितलं हो मी त्यांना. दोर सांगितला, टोक सांगितलं. तेवढं एकच वाक्य राहिलं. बिस्किटांच्या पायी." मी म्हणालो, "ते सांगायचं काम त्याचं होतं." त्यांनी मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही.

जनाला त्यांनी त्याच आठवड्यात दुर्बिणीच्या तपासणीला नेलं. दंडाला धरून नेलं म्हटलं तरी चालेल. कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, पोटावर पिशवी आली, ती तो शर्टाखाली लपवायचा आणि मॅडम त्याला सगळ्यांसमोर शर्ट वर करायला लावायच्या. "बघू दे त्यांना. लपवून काय झालं ते बघू दे." यावरून घरात भांडणं झाली. जनाची बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली. काही दिवस वाटलं, निभावलं. मग यकृतात गाठी दिसल्या. पुढची नारळी पौर्णिमा जनाने पाहिली नाही. शेवटी तो इतका वाळला होता की अंघोळ घालताना बोटातली अंगठी आपोआप गळून खाली पडली. ती मॅडमनी उचलली आणि दोराच्या पिशवीत टाकली.

त्यानंतर त्या कोणाच्याच ऐकण्यातल्या राहिल्या नाहीत. मासळीचा लिलाव चालू असताना मध्येच घुसून म्हणायच्या, "तुमचा रगत तपासलेला नाय! कोनीच तपासलेला नाय! ज्याच्या घरात कोन या रोगाने गेलाय त्याने दुर्बीन करा!" बायका तोंडाला पदर लावायच्या, पुरुष होडीआड व्हायचे. भावाच्या दुःखाने डोकं फिरलं, असं गावाने ठरवून टाकलं. गावाला हे फार सोयीचं असतं. माणूस वेडा ठरला की त्याचं ऐकावं लागत नाही.

तरी एक माणूस आला. चुलत्याचा मुलगा, बळी. मॅडमची कटकट थांबावी म्हणून आला, असं तो स्वतःच सांगतो. त्याच्या आतड्यात एक कोंब निघाला, वाटाण्याएवढा. तिथल्या तिथे कापला, आणि संध्याकाळी बळी घरी येऊन भाकरी खात बसला. मी पेढे घेऊन गेलो, म्हटलं मॅडम आज तरी हसतील. त्या बळीच्या ओट्यावर बसल्या होत्या. मला बघताच भडकल्या. "पेढे कसले आणलेत? एवढंच होतं, सर! एवढंच! सकाळी जायचं आणि संध्याकाळी भाकरी खायची. माझा बाप एवढ्यासाठी गेला. माझा जना एवढ्यासाठी गेला." पेढ्यांचा पुडा ओट्यावर तसाच राहिला. आत बळीची बायको त्याला आणखी एक भाकरी वाढत होती.

पुढे मी निवृत्त झालो आणि फ्लॅट विकून रत्नागिरीला गावी जायचं ठरवलं. निरोप घ्यायला अर्नाळ्याला गेलो. मॅडम थकल्या होत्या, केस पांढरे झाले होते, पण पिशवी खांद्यालाच होती. त्यांनी मला सुके बोंबील बांधून दिले आणि एस.टी.पर्यंत सोडायला आल्या. मी खिडकीशी बसलो. त्या दाराशी उभ्या राहून, गावी पाणी उकळून प्या वगैरे सांगत होत्या. कंडक्टरने घंटीची दोरी ओढायला हात वर केला आणि मॅडम बोलायच्या थांबल्या.

मला बघायचीही गरज पडली नाही. मी ती थांबण्याची पद्धत ओळखत होतो.

त्या पायरी चढून आत आल्या आणि त्याचा वर गेलेला हात तिथेच धरला. "ही अंगठी कशाची?"

कंडक्टर तरुणच होता, मिशीवाला. "बाई, सोडा, टाइम झालाय."

"रक्त पडतं का?"

सगळी बस वळून बघत होती. भाजीवाल्या, कॉलेजची मुलं, एक फादर. ड्रायव्हरने हॉर्न दिला. कोणीतरी म्हणालं, "अरे, ती वेडी मास्तरीण आहे." मी उभा राहिलो आणि त्या माणसाला गप्प बस म्हणालो, माझ्या वयाला न शोभेल अशा भाषेत.

"घरात कोणी गेलंय पोटाच्या रोगाने?" मॅडमनी विचारलं.

कंडक्टर आधी ड्रायव्हरकडे बघत होता, मग तिकिटांच्या पेटीकडे. "आई," तो म्हणाला. मग आणखी हळू, "पडतं, बाई."

मॅडमनी त्याचा हात सोडला, घंटीची दोरी स्वतःच ओढली आणि त्याच्या सीटवर बसल्या. बस सुटली. विरार येईपर्यंत त्यांनी पिशवीतला दोर काढून त्याच्या मांडीवर ठेवला होता, आणि तो तिकिटं फाडायची सोडून ऐकत होता. निम्मी बस फुकट आली.

विरारला सगळे उतरले. मी खालून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. कंडक्टर अंगठी फिरवून, ओढून, थुंकी लावून काढायला बघत होता आणि ती पेरावर अडकली होती.

"निघत नाय, बाई."

"नाय निघत ते बरा हाय," मॅडम म्हणाल्या. "बोटाला मांस हाय अजून." मग खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून साऱ्या स्टँडला ऐकू जाईल अशा त्या बाजारातल्या आवाजात ओरडल्या, "साबन आना रे कोनीतरी!"